रोजचा एक परीट



दीड-दोन महिने मी इथे काहीच लिहिलं नाही. "यंदा बिनगाजराची भोगीची भाजी कुठे गेली?" म्हणून काहीजणींनी विचारलं, एकीने तर "तब्येत बरी आहे ना?" असा फोनच केला. तब्येत उत्तम आहे. घरात नात आली आहे. पण ती आली ती सात आठवडे आधी, आणि त्यामुळे या हिवाळ्यात आमच्या घरचं सगळंच वेळापत्रक उलटंपालटं झालं. आज बाळ-बाळंतीण दोघी दुपारच्या झोपल्यात, म्हणून लिहायला बसले.

माझ्या सूनबाईला आई नाही. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी हा प्रश्नच नव्हता, ते आमच्याकडेच सांगलीत करायचं ठरलं होतं. तारीख जानेवारीच्या शेवटची. मी आपली निवांत होते. डिंक, खारीक, खोबरं आणून ठेवलं होतं, पण लाडू डिसेंबरच्या शेवटी करू म्हटलं. पाळणा माळ्यावरच होता. जुन्या सुती साड्यांची दुपटी तेवढी शिवून झाली होती. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच एका रात्री दोन वाजता तिने दार वाजवलं, "आई, काहीतरी वेगळं वाटतंय."

पहाटे बाळ झालं. मुलगी. वजन एक हजार सहाशे वीस ग्रॅम. आपण गूळ आणतो तेव्हा दीड किलोची ढेप हातात घेऊन बघा, म्हणजे अंदाज येईल. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते काचेतून. नाकात नळी, पायाला वायर, आणि माझ्या अंगठ्याएवढा तळवा. मला रडूही आलं नाही. मी नुसती उभी राहिले.

घरी आले, आंघोळ केली आणि सवयीने तांदळाची डबी हातात घेतली. मग आठवलं, सोयर. दहा दिवस.

तुम्हाला सांगायला नको, पण तीसेक वर्षांत माझी सकाळ एकाच वाटेने गेली आहे. उठायचं, आंघोळ, सोवळ्याचं लुगडं, देऊळ, अभिषेक बघायचा, गंधोदक लावायचं, मग घरी येऊन चहा. आणि ज्या दहा दिवसांत मला देवळाची सगळ्यात जास्त गरज होती, नेमकं त्याच दहा दिवसांत देवळात जायचं नाही! खरं सांगते, मनातून रागच आला. शेजारची एक बाई चांगल्या मनाने म्हणाली, "नवस बोला काहीतरी." तिला काय सांगणार? आपला देव वीतरागी. तो देत नाही आणि घेतही नाही. त्याच्याकडे बाळ मागायचं नसतं हे मला लहानपणापासून पाठ आहे, पण पाठ असणं निराळं आणि काचेपलीकडे आपलं बाळ असताना ते मानणं निराळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय घरात ठरेनात. देवळाची वाट बंद, मग मी नदीकडे वळले.

आमची कृष्णा तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली असेल ती पुलावरून, गाडीतून. आयर्विन पूल 1929 सालचा, त्याच्या दगडी कमानी आणि खाली पाणी. आम्हा सांगलीकरांच्या मनात हल्ली नदी म्हटलं की महापूर येतो. 2005, 2019, 2021, प्रत्येकाला आपापल्या भिंतीवरची खूण माहीत आहे. पण डिसेंबरातली कृष्णा अगदी गरीब असते. सूर्य उगवेपर्यंत पाण्यावर धुक्याची गोधडी असते. पलीकडचा काठ दिसत नाही, नुसते आवाज येतात. कुठेतरी उसाने भरलेला ट्रॅक्टर कारखान्याकडे चाललेला. मग हळूहळू उसाचे पांढरे तुरे धुक्यातून वर येतात, जणू शेत तरंगतंय.

मी थांबले ती उजाडेपर्यंत. अंधारात चालायचं नाही ही आमच्या आजीची शिकवण. आजी मला लहानपणी कुंभोजला बाहुबलीच्या डोंगरावर घेऊन जायची. आता तिथे उभी असलेली बाहुबलींची 28 फुटी मूर्ती 1963 सालची. मला वर पळत जायची घाई. आजी मागून ओरडायची, "पायाखाली बघ गं! मुंगी असंल. तिलाबी जीव हाय." मी विचारायचे, "किती लांब बघू?" आजी म्हणायची, "चार हात. लई लांब नगं, लई जवळ नगं."

पुढे पाठशाळेत कळलं की ही तर मुनींची ईर्यासमिती. सूर्यप्रकाशात, रुळलेल्या वाटेने, पुढची चार हात जमीन पाहत चालायचं. आपल्याला काही महाव्रतं नाहीत, पण तेवढं पाहून चालायला कोण अडवतं? तेव्हा मी हरिपूरच्या रस्त्याला तशी चालू लागले. गवतावर दव असतं, म्हणून गवत सोडून मधल्या मातीच्या वाटेने. खाली बघितलं की काय काय दिसतं! रात्रीत झालेली गोगलगायीची चांदीची रेघ. गारठलेला किडा, ऊन यायची वाट बघत बसलेला. मुंग्या मात्र थंडीमुळे उशिरा निघतात, आठनंतर.

आणि घाटाच्या पायऱ्यांवर तो पक्षी. राखी पाठ, काळं-पांढरं तोंड, शेपूट सारखी खालीवर. आपण त्याला परीट म्हणतो, कोणी धोबी म्हणतात. कपडे धुतात त्याच दगडांवर तो तुरुतुरु धावतो, म्हणून ते नाव. हा आपल्याकडे फक्त हिवाळ्याचा पाहुणा. हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून येतो आणि उन्हाळा लागायच्या आत परत जातो. मुलाने मोबाईलवर पाहून सांगितलं, याचं वजन वीस-पंचवीस ग्रॅम! म्हणजे आपल्या चार-पाच मोठ्या चमच्यांच्या साखरेहून कमी. एवढासा जीव एवढे डोंगर ओलांडून येतो. मी तिथेच पायरीवर बसून राहिले.

सहाव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. रात्री बाळ श्वास घ्यायला विसरलं. पायाला टिचकी मारली तशी पुन्हा घेऊ लागलं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "लवकर जन्मलेल्या मुलांत असं होतं. मेंदू अजून शिकतोय." वजनही उतरून 1490 वर आलं होतं. तेही पहिल्या आठवड्यात उतरतंच म्हणे. पण माझं डोकं कुठल्या कुठे गेलं होतं. हिला दिसेल का? ऐकू येईल का? चालेल का? शाळेत जाईल का? मी त्यांना हे सगळं एका दमात विचारलं. त्या म्हणाल्या, "आजी, मला शाळेचं नाही सांगता येणार. काल काय होतं आणि आज काय आहे, एवढंच सांगता येईल."

चार हात! मला आजीचा आवाज ऐकू आला.

मैत्रिणींनो, मी इतकी वर्षं समजत होते की ईर्यासमिती ही फक्त मुंगीसाठी आहे. ती आहेच मुंगीसाठी, त्यात शंका नाही. पण त्या दिवशी कळलं की मुंगीला जपता जपता चालणाऱ्याचंही काहीतरी जपलं जातं. चार हातांपलीकडचा डोंगर डोळ्यांपुढून जातो. भीती राहते ती तेवढ्या चार हातांपुरती, आणि तेवढ्यात तर काहीतरी करण्यासारखं असतंच. मुंगी असेल तर पाऊल उचलायचं. बाळ भुकेलं असेल तर दूध पोचवायचं.

त्यानंतर आम्ही रोज एकच प्रश्न विचारायचा ठरवलं, आजचं वजन? आठव्या दिवशी वीस ग्रॅमने वाढ झाल्याचा मुलाचा मेसेज आला. मी घाटावरच होते. समोर परीट शेपूट हलवत उभा. मी उलट लिहिलं, "म्हणजे आज एक परीट वाढला!" तेव्हापासून आमच्या घरात तेच माप. "आज किती?" "एक परीट." एके दिवशी नुसते दहा ग्रॅम वाढले, तर आमचे हे म्हणाले, "आज अर्धाच परीट आला वाटतं, दुसरा अर्धा धुक्यात अडकला." सूनबाई सहा दिवसांनी पहिल्यांदा हसली.

त्याच सुमारास परिचारिकेने विचारलं, "आजी, तुम्ही कांगारूला बसाल का?" म्हणजे बाळाला आपल्या उघड्या छातीशी उभं धरून, वरून कापड गुंडाळून बसायचं. कातडीला कातडी लागली की बाळाला ऊब मिळते, श्वास नीट चालतो, वजन वाढतं. आईने तर करायचंच, पण आई थकली की बाप किंवा आजीसुद्धा चालते. एका वेळी निदान तासभर तरी.

मी हो म्हटलं, आणि संध्याकाळी आमच्या चुलत सासूबाईंचा फोन. "दहा दिवस व्हायच्या आत शिवतेस? आमच्या वेळी असलं नव्हतं हो." त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, त्यांना उलट बोलायची माझी रीत नाही. मी म्हटलं, "आत्या, तुमचं बरोबर आहे. पण बाळाला ऊब हवी आहे, आणि ती माझ्या अंगात आहे. देवळात मी पाऊल टाकलेलं नाही आणि दहा दिवस टाकणारही नाही." थोडा वेळ फोनवर काहीच नाही. मग त्या म्हणाल्या, "छातीला तेल नको लावूस, बाळ घसरंल." मला वाटतं ही त्यांची परवानगीच होती.

बाळ उचलायला शिकवलं ते परिचारिकेने. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, घाई नाही, झटका नाही, ठेवताना आधी पाय मग डोकं. मी मनात म्हटलं, ही तर आदाननिक्षेपण समिती. वस्तू नीट पाहून उचलणं, नीट पाहून ठेवणं. तांब्या-पेला उचलताना जे शिकायचं ते इथे कामाला आलं.

आणि ते वजन छातीवर आलं. दीड किलो. खरं सांगते, बंद फुलपात्र ठेवल्यासारखं वाटलं. मी डोळे मिटले. आपण कायोत्सर्गात नऊ वेळा णमोकार म्हणतो, सत्तावीस श्वासोच्छ्वासांत. मी तसाच सुरू केला, अगदी हळू, ओठांतल्या ओठांत. तिचे श्वास माझ्याहून कितीतरी भराभर चालायचे. माझ्या एका श्वासात तिचे तीन. मध्येच ती थांबायची, आणि माझाही श्वास थांबायचा. मग छातीवर पुन्हा ते इवलंसं वरखाली. देवळात उभी राहून मी इतक्या वर्षांत हजारो कायोत्सर्ग केले असतील, पण एक एक श्वास मोजायचा म्हणजे काय, ते मी त्या प्लास्टिकच्या खुर्चीत शिकले. सोयर चालू असताना.

दूध सुरुवातीला नळीने, मग पळीच्या चोचीसारख्या एका लहान स्टीलच्या भांड्याने. ते बघून मी म्हटलं, "अहो, हे तर बोंडलं!" घरी माझ्या मुलाचं चांदीचं बोंडलं आहे. परिचारिका हसली, म्हणाली, "आजी, इथलं उकळलेलंच चालेल."

आता एक गोष्ट सांगते, ती वाचून काहीजणींना राग येईल. सूनबाई रात्री दर तीन तासांनी उठून दूध काढायची. एकदा रात्री दोनला मी पाणी प्यायला उठले तर ती स्वयंपाकघरात अंधारात उभी. पोटात आग पडलेली, आणि आमच्या घरात सूर्यास्तानंतर चूल बंद, म्हणून गुपचूप पाण्यावर भागवत होती. तिने नियम घेतलेला नाही, पण माझी भीड. मला फार लाज वाटली. माझी. मुंगीसाठी चार हात पाहणारी मी, आणि घरातली उपाशी पोर मला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं सोडून डिंकाचे लाडू केले. डिंक तुपात फुलवून, खारीक-खोबरं, खसखस, गोडंबी, सुंठ. डबा तिच्या उशाशी ठेवला आणि म्हटलं, "रात्री भूक लागली की खायचं. विचारायचं नाही." माझा नियम मी मोडलेला नाही. पण व्रत ज्याचं त्याने घ्यायचं असतं, दुसऱ्याच्या भुकेवर ते लादता येत नाही, असं मला वाटतं. ओल्या बाळंतिणीला आणि आजाऱ्याला आपल्या आज्या सवलत देतच होत्या. तुमच्या घरी कसं आहे ते जरूर कळवा. लसणाशिवाय दूध येत नाही असंही मला अनेकींनी सांगितलं. आमच्या घरी अळीव, बाळंतशोपा, शेपू आणि डिंक यांच्यावरच सगळं भागलं आणि दूध भरपूर आलं.

एकविसाव्या दिवशी बाळ घरी आलं, 1790 ग्रॅमचं. बारसं, पाहुणे, सगळं पुढे ढकललं. मध चाटवायचा प्रश्न आपल्यात नसतोच, आणि डॉक्टरही वर्षाच्या आत मध नको म्हणतात. बालगुटीसाठी मात्र मी मनातून तयार होते, सहाण धुऊनही ठेवली होती. सूनबाई म्हणाली, "आई, सहा महिने फक्त दूध सांगितलंय." सहाण पुन्हा कपाटात गेली. घरी आल्यावर वाढ दिवसाला तीस ग्रॅम होऊ लागली, म्हणजे आमच्या हिशेबाने दीड परीट.

पंचेचाळिसावा दिवस संक्रांतीनंतर आला. वजन अडीच किलो. आदिपुराणात जिनसेनाचार्यांनी गर्भापासूनच्या त्रेपन्न क्रिया सांगितल्या आहेत, त्यात एक बहिर्यान आहे. बाळाला पहिल्यांदा घराबाहेर नेणं. माझ्या मनात होतं वाजत-गाजत जावं, सगळ्या मैत्रिणींना बोलवावं, पेढे वाटावेत. डॉक्टरांनी मुलाला बजावलं होतं, गर्दी नको. मग दुपारी अकरा वाजता, देऊळ रिकामं असताना, ऊन चांगलं तापल्यावर आम्ही चौघं आणि ती. उपाध्येंनी दुरूनच णमोकार म्हटला, तिच्या कानात मी म्हटला. अष्टमूलगुण दिले: मद्य, मांस, मध आणि पाच उदुंबर फळांचा त्याग. आठ वर्षांची होईपर्यंत ते पाळायची जबाबदारी आई-बापांची. मूर्तीसमोर तिने जांभई दिली. मी पंचेचाळीस दिवसांत ठरवलेलं काहीच मागितलं नाही. काय मागायचं होतं तेच आठवेना.

येताना मुलाला म्हटलं, "पाच मिनिटं घाटावर ने." सूनबाईने तिला कापडात छातीशी बांधलं होतं, तशीच ती चालली. हरिपूरच्या रस्त्यावर जुना उंबर आहे, त्यावर तांबट पक्षी टुक टुक करत होता. मी नातीला सांगितलं, "बघ, आत्ताच सोडलंस ते फळ. आत किडे असतात, त्यांचं घर आहे ते. पक्षी खातील, आपण नाही." ती झोपली होती. आंब्याला मोहोर आला होता, वास येत होता.

पायऱ्यांवर परीट होते, तीन. मी मोजले. अजून महिना-दीड महिना राहतील, मग जातील. सूनबाई पायरी उतरताना थांबली, खाली वाकून बघितलं. दुपारचं ऊन, मुंग्यांची रांग चालली होती. ती रांग ओलांडून तिने पाऊल पलीकडे ठेवलं.

मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं.

डिंकाच्या लाडवांचं नीट प्रमाण पुढच्या वेळी लिहिते, बाळ उठलं.

जय जिनेंद्र.